पासष्टीच्या आतलं माणूस

युनकोउ, तेलगल्ली वसाहत,
इमारत चार, सहावा मजला
११ एप्रिल

धाकटे फेन,

तुला आणि छिनरावांना थोरल्या भावाचे आशीर्वाद. दोघं बरी आहात असं धरून चालतो. नववर्षाला फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणालीस आणि त्यानंतर तीन महिने काही कळवलं नाहीस. आपल्या घराण्यात वाईट बातमी तिसऱ्या दिवशी पोचते, त्याअर्थी सगळं ठीक असणार. छिनरावांच्या कंबरेला बेटावरची हवा मानवली का? (तेवीस वर्षांत मानवली नसेल तर आता मानवायची नाही. पण पत्राच्या सुरुवातीला विचारायची रीत आहे.) तुझ्या कोंबड्या, नातवंडं, समोरचा खारट वारा, सगळ्यांची चौकशी केली असं समज. माझं म्हणशील तर रक्तदाब आहे, गुडघा आहे, आणि दोघंही आपापल्या वेळेला हजर असतात. सकाळी मी धक्क्यावर जाऊन चूळ टाकतो, ती दहा-बारा दिवसांनी तुमच्या बेटावरून समुद्रात जाते (धरणात अडकली नाही तर). आपल्या दोघांतला नियमित पत्रव्यवहार म्हणायचा तर तेवढाच. आज कागद घेतला, कारण फोनवर तू लगेच उत्तर देतेस. या बाबतीत मला लगेच उत्तर नको आहे.

हे बाल्कनीत बसून लिहितो आहे. बाल्कनीभर शियांगच्या मुळ्याच्या फोडी वाळत घातल्या आहेत, म्हणून कागद मांडीवर घ्यावा लागला. शियांग म्हणजे आपला जुन्या गल्लीतला शेजारी, हमालांचा मुकादम होता तो. इथंही शेजारीच आहे, भिंतीला भिंत लागून. त्याच्या घराला बाल्कनी नाही. त्यामुळे गेली एकवीस वर्षं त्याचे मुळे, त्याच्या मिरच्या, हिवाळ्यातली सॉसेजं आणि पावसाळ्यातल्या चड्ड्या आमच्या बाल्कनीत वाळतात. तो विचारत नाही, मी नाही म्हणत नाही. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल.)

तू गेल्यावर तीन वर्षांनी पाणी चढलं, ते तू पाहिलंच नाहीस. तुझ्या डोक्यातली नदी अजून उन्हाळ्यात फुगत असेल आणि हिवाळ्यात दगड दाखवत असेल. आता सगळं उलटं आहे. थंडीत धरण भरतात तेव्हा ती पोटुशी दिसते, उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सोडतात तेव्हा खंगते. नव्या धक्क्याला एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. जानेवारीत त्यातल्या नऊ दिसतात, जूनमध्ये सगळ्या. तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली ओढावा लागतो, त्यामुळे आम्ही म्हातारे बोट किती वाजता असं विचारत नाही, आज कितव्या पायरीला असं विचारतो. साठच्या आत असली तर गुडघा तयार होतो. छिनराव दर वेळी विचारतात की शहर आता कशावर चालतं. मलाही नीट माहीत नाही. आपल्या लहानपणी शहराच्या अंगाला होड्यांना लावायच्या तुंगतेलाचा वास होता, आता कशाचाच नाही. संत्री आहेत, सिमेंट आहे. वरच्या शहरांतल्या कारखान्यांच्या नव्या मोटारी चार-चार मजली बोटींतून खाली जातात आणि जाताना आपल्याकडे वळूनही पाहत नाहीत. (पूर्वी प्रत्येक बोट मुक्कामाला थांबायची. खलाशी उतरायचे, नूडल्स खायचे, भांडायचे, पायताण शिवून घ्यायचे. अर्धं शहर त्यांच्या भुकेवर आणि अर्धं त्यांच्या भांडणांवर चालायचं.) शियांगच्या हाताखाली एकेकाळी दोनशे खांदे होते. आता धक्क्यावर सरकता जिना आहे. तो मार्चपासून बंद आहे आणि दुरुस्त करणारा माणूस पुलावरून यायचा आहे.

पूल आता चार झाले. चौथा एक मेला उघडतो, आणि त्याच्यापायी आपली फेरीबोट जाणार. फेब्रुवारीत कंदिलांचा सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवर कागद चिकटवला. एप्रिलअखेरपर्यंत दिवसाला सरासरी दीडशे प्रवासी झाले नाहीत तर एक मेपासून दोन नंबरची फेरी बंद. खाली सही नाही, शिक्का आहे. तुला वाटेल, बंद होईना, पलीकडे आपलं आहे कोण. खरं आहे. पलीकडे उतरलं की एक टायरचं दुकान आणि एक बसथांबा आहे. पण आम्ही पलीकडे जायला बोटीत बसतच नाही. बोट धक्का सोडते आणि साधारण सहाव्या मिनिटाला जुन्या तेलगल्लीवरून जाते, म्हणून बसतो. पूल तिथून अर्धा कोस वर आहे. पुलावरून फक्त पाणी दिसतं.

आपलं घर दहा पुरुष पाण्याखाली आहे. जूनमध्ये नदी खंगते तेव्हाही ते वर येत नाही. ते नेमकं कुठं आहे हे मला माहीत आहे, कारण मी एकतीस वर्षं बोटींना वाट दाखवणारे दिव्याचे बोये लावले आणि पाण्यावर जागा शोधणं एवढंच मला येतं. दोन काठांवरच्या दोन खुणा एका रेघेत आणायच्या, मग आणखी दोन आणायच्या. रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं तू असतेस. समोरच्या डोंगरावरचा दगडी मनोरा सिमेंटच्या धुराड्यामागे गेला आणि डावीकडे विजेचा तिसरा खांब कड्याच्या नाकावर येऊन बसला, की खाली आपली चूल. गल्लीतल्या चौतीस घरांना मी अशी ज्याची त्याची खूण काढून दिली, कागदावर, सुवाच्य अक्षरात. (थान आजींना मनोरा दिसत नाही, धुराडंही दिसत नाही. त्यांना आकडे मोजायला सांगितलं आहे. धक्का सुटल्यापासून तीनशे सत्तर. त्या बोटीत कुणाशी बोलत नाहीत, ओठ हलत असतात. नवख्याला वाटतं जप चालला आहे.) मधून मोठी बोट आडवी आली तर आपली बोट हाकणारी सारंग मा बाई वळसा घेते, आणि त्या दिवशी निम्म्या गल्लीला आपल्या घरावरून न जाता परत यावं लागतं. मग तक्रारी होतात.

शियांगलाही खूण काढून दिली. ती त्याला मान्य नाही. तुझ्या खुणेत माझं घर दोन हात आखूड आहे, असं त्याचं म्हणणं. भिंतीचं ते जुनंच भांडण आहे, तुला आठवत असेल. वाटलं होतं पाणी चढल्यावर मिटेल. मिटलं नाही, फक्त बोटीत आलं. सहावं मिनिट झालं की तो बाकावरून वाकून सुरू करतो: “मोउ, ऊठ. तू माझ्या न्हाणीत बसलायस.” मी म्हणतो, मी माझ्या कोठीत बसलोय. तो म्हणतो, “भिंत तुझ्या बापानं सरकवली.” मी म्हणतो, पुरावा दाखव. (पुराव्यावर दहा पुरुष पाणी आहे.) एकदा हे इतकं लांबलं की थान आजींचं मोजणं चुकलं. त्या म्हणाल्या, “गप बसा रे दोघं. बोट केव्हाच पुढे आली. आता तुम्ही दोघंही माझ्या खुराड्यात आहात.” बाकीचे लोक माझ्या बाजूनं बोलतात. एवढी वर्षं बोये लावलेला माणूस जागेच्या बाबतीत खोटं कसं बोलेल, असं त्यांना वाटतं.

तर फेरी वाचवायची असं ठरलं. ठरवलं रान मास्तरांनी. (तुझे भूगोलाचे मास्तर. पस्तीस वर्षं नद्या शिकवल्या, पोहता येत नाही, बोटीत बसले की दोन्ही हातांनी बाक धरतात.) त्यांनी वही आखली आणि गल्लीच्या तीन तुकड्या केल्या. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. प्रत्येकानं रोज किमान दोन वेळा जायचं आणि दोन वेळा यायचं. एक मार्चपासून सुरू झालं. फेन, गेल्या वीस वर्षांत आम्ही इतके एकत्र कधी नव्हतो. इमारतीत कोण मेलं ते लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदावरून कळायचं, इथं कोण शिंकलं ते कळत होतं. मागच्या डेकवर माजोंगचे दोन डाव बसायचे. चौकात नाचणाऱ्या बायकांनी आपलं नाचणं बोटीवर आणलं आणि तिसऱ्या दिवशी मा बाईनं ते थांबवलं, कारण सगळ्या जणी एकाच पायावर एकदम पडायच्या आणि इंजिनाला त्याचा ताल लागत होता. पलीकडचा टायरवाला आधी घाबरला. दिवसातून सहा वेळा पंधरा-सोळा म्हातारे उतरतात, त्याच्या दुकानाकडे बघतात आणि परत चढतात. त्यानं पोलिसात विचारणा केली असं ऐकलं. नंतर त्यानं उकडलेल्या मक्याची परात मांडली.

छिंगमिंगला मोठी गर्दी झाली. पितरांच्या थडग्यांवर झाडू मारायचा दिवस, पण आपल्या गल्लीतल्या बऱ्याच जणांची थडगी खालीच राहिली, त्यामुळे सगळे बोटीवर. थान आजींनी कोटाच्या अस्तरात लपवून मद्याची बाटली आणली होती. तीनशे सत्तर झाले आणि त्यांनी नवऱ्यासाठी कठड्यावरून धार धरली. ते पाहून बाकीच्यांना आपापले आठवले. सगळी बोट डाव्या कठड्याला गेली आणि तो कठडा पाण्याकडे निघाला. मा बाईचा भोंगा वाजला: “आजी-आजोबांनो, पूर्वज खालीच आहेत, ते कुठं जात नाहीत. अर्ध्यांनी उजवीकडे या, नाहीतर आत्ताच भेट होईल.” मी उजवीकडे गेलो. शियांग आधीपासून तिथंच होता. त्या एका दिवशी रान मास्तरांच्या वहीत तीनशे बारा प्रवासी आहेत.

छिंगमिंगनंतर दोन दिवसांनी फेरीच्या कचेरीतला एक चष्मेवाला तरुण आला. चांगला मुलगा. उन्हात तोंड लाल झालेलं. आम्ही त्याला बाकावर बसवलं, मका दिला, रान मास्तरांनी वही पुढे केली. मार्चची सरासरी एकशे चौऱ्याण्णव. त्यानं वहीचं कौतुक केलं, अक्षराचंही केलं, मग हातातली संगणकाची पाटी उघडली आणि म्हणाला की त्याच्याकडे एकवीस आहे. कुणाला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. पासष्ट वर्षांवरच्यांचा प्रवास फुकट असतो. आम्ही ज्येष्ठांचं कार्ड यंत्राला लावतो, ते टीं करतं आणि आमची नोंद वेगळ्या रकान्यात जाते. नोटिशीतले प्रवासी म्हणजे तिकीट काढलेले प्रवासी. एकवीस. थान आजींनी विचारलं, “मग आम्ही कोण?” त्यानं पाटी मिटून मांडीवर ठेवली. खोटं बोलायची सवय नसावी. म्हणाला, “आजी, तुम्ही खर्चात आहात.”

त्या दिवशी बोटीत माजोंग झालं नाही. आम्ही जितक्या फेऱ्या मारल्या तितकी बोट बुडवायलाच हातभार लावला, हे प्रत्येकाला आपापल्या वेगानं कळत गेलं. (थान आजींनी ते कार्ड मिळवायला अकरा महिने खेटे घातले होते. जन्मतारीख चांद्र होती की सौर यावर अडलं होतं.) शेवटी शियांग म्हणाला, “एवढंच ना? उद्यापासून तिकीट काढू.” सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळे दोन-दोन युआन मुठीत घेऊन खिडकीशी. खिडकीत रान मास्तरांची नात फेई बसते. ती म्हणाली, देता येत नाही. तिकीट ओळखपत्रावर निघतं, यंत्र जन्मसाल वाचतं आणि शून्य छापतं. आणि हातानं दिलं तर ज्येष्ठांकडून पैसे घेतले म्हणून तिचा पगार कापतात. एकदा कापला आहे. मास्तर म्हणाले, “अगं, मी तुझा आजोबा सांगतोय.” ती म्हणाली, “म्हणूनच आजोबा. तुमचं वय मला पाठ आहे.”

पुढचं लिहायला जरा संकोच वाटतो. ओळखपत्र घरी विसरलेल्या माणसाला खिडकीवरची पोरगी अंदाजानं कागदी तिकीट देऊ शकते, असं कुणीतरी शोधून काढलं. म्हणजे प्रश्न अंदाजाचा होता. त्या दुपारी चौ न्हाव्यानं अकरा डोकी रंगवली. एकाच बाटलीतून, त्यामुळे अकराही एकाच काळ्या रंगाची, शाईत बुडवून काढल्यासारखी. (मी केस रंगवले नाहीत. फक्त भुवया.) धक्क्याच्या पायऱ्या उतरताना झिमझिम सुरू झाली. खिडकीशी शियांग पहिला. त्याच्या कपाळावरून दोन काळे ओघळ नाकाशी येऊन थांबले होते. फेईनं मान वर न करता विचारलं, वय? तो म्हणाला, चौसष्ट. मग तिनं मान वर केली. “शियांग आजोबा, मागच्या महिन्यात तुमच्या पंचाहत्तरीच्या नूडल्स मी खाल्ल्यात. दोन वाट्या.” मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, शियांगही हसला. फेई हसता हसता रडायला लागली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. फेरी गेली की तिची खिडकीही जाणार, हे आम्ही एवढ्या दिवसांत एकदाही बोललो नव्हतो.

आता पासष्टीच्या आतलं माणूस पाहिजे. गल्लीतल्या प्रत्येकानं आपापल्या मुलांना फोन केले. मुलं शेन्जेनला आहेत, चेंगदूला आहेत. जी इथं आहेत त्यांच्याकडे मोटारी आहेत आणि मोटारीला पूल लागतो. शियांगचा मुलगा छिंगमिंगला आला होता, त्याला बापानं चार-पाच दिवस जास्त ठेवून घेतलं आणि तिकीट काढून बोटीत बसवलं. (दहा तारखेच्या रकान्यात तो आहे. फेईनं तिकीट फाडताना आवाज मुद्दाम मोठा काढला.) मी समोरच्या बाकावर होतो. शियांगनं त्याची बाही धरून ठेवली होती. मनोरा धुराड्यामागे गेला तसा म्हणाला, “आता. हे बघ. आता तू घरात आहेस.” मुलानं वाकून पाण्यात बघितलं. चांगला चाळिशीचा माणूस आहे, पोट सुटलेला. मग म्हणाला, “बाबा, आपली न्हाणी एवढी अरुंद का होती? आंघोळ करताना माझं कोपर रोज भिंतीला लागायचं.”

शियांग माझ्याकडे बघू शकला असता, बघितलंही. पण नेहमीसारखं ‘मोउ, ऊठ’ म्हणाला नाही. मुलाला म्हणाला, “होती अरुंद.” मी मनोऱ्याकडे बघत होतो. मनोरा केव्हाच पुढे सरकला होता.

असं सगळं आहे. माझी काही मागणी नाही. हवापाणी आणि ख्यालीखुशाली कळवावी एवढाच हेतू. छिनरावांना सांग की कंबर शेकताना मिठाची पुरचुंडी कोरडी ठेवायची, ओली नाही. तुमच्याकडे पाणी वेळेवर पोचावं, ही इच्छा.

तुझा थोरला,
मोउ देशिंग

ता. क. एक सहज आठवलं. तू यंदा बासष्टची. म्हणजे तुझ्यासाठी यंत्र पूर्ण तिकीट छापेल. पत्र चार दिवसांत पोचतं. सकाळची वेगाची गाडी धरलीस तर त्याच दिवशी दिवेलागणीला इथं येशील. स्टेशन पलीकडच्या काठावर झालं आहे. बाहेर टॅक्सीवाले पुलावरून नेतो म्हणतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. टायरच्या दुकानाची वाट विचार आणि बोट धर. रान मास्तरांनी वहीत तुझं नाव आधीच घातलं आहे, रोज चौदा फेऱ्या. चौदा जास्त वाटल्या तर दहा कर. निजायला माझी खोली घे. मी बाल्कनीत झोपेन. मुळे तोवर वाळतील.

आणखी एक. तुझ्या चौदा फेऱ्यांनी काही होणार नाही. एकवीसचे दीडशे होत नाहीत, एवढं गणित मला येतं, मास्तरांनाही येतं. तेव्हा खरं कारण लिहितो. १९७१च्या जुलैमध्ये शियांगचं अख्खं घर त्याच्या मामाच्या लग्नाला वरच्या गावी गेलं होतं, पाच दिवस. बाबांनी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मधली भिंत पाडली आणि दोन हात पलीकडे उभी केली. विटा मी वाहिल्या. एकोणीस वर्षांचा होतो, कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तुला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं होतं. कुणी आलं तर गाणं म्हणायचं ठरलं होतं. कुणी आलं नाही, तरी तू म्हटलंस, आणि आम्ही तासभर विटा टाकून चुलीमागे लपलो. त्याबद्दल तुला टरबुजाची फोड मिळाली, म्हणजे तू साक्षीदारही आहेस आणि वाटेकरीही. शियांगचा बाप परत आल्यावर न्हाणीत अडकला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, लग्नात खाऊन फुगलास. त्यानं ते खरं मानलं. पुढे पाणी चढायच्या आधी मोजणीवाले आले. ठरावीक मापाच्या वरच्या घरांना बाल्कनीचे फ्लॅट मिळाले, खालच्यांना बिनबाल्कनीचे. आपण वर होतो, तो खाली. मधे दोन हात होते. गेली एकवीस वर्षं मी संध्याकाळी त्याच्या बाल्कनीत बसून चहा पितो आणि त्याला मुळे वाळवू देतो म्हणून लोक मला चांगला शेजारी म्हणतात.

मी सांगायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा इंजिनाचा आवाज होता. दुसऱ्यांदा त्यानं मूठभर सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या. घरी तर सांगताच येत नाही. घरी त्याच्या चड्ड्या डोक्यावर असतात. ही गोष्ट जिथं घडली तिथंच सांगावी असं वाटतं, आणि तिथं जायची एकच वाट आहे, ती एक मेला बंद होते. तू आलीस की तो तुला विचारेल, पहिल्याच फेरीत विचारेल. खरं सांग. मी उजव्या कठड्यापाशी उभा असेन. तिथून पलीकडचा काठ चार मिनिटांवर आहे. पंचाहत्तर वर्षांचा माणूस चार मिनिटांत फार काही करू शकत नाही.

शेवटचं. १२ एप्रिल, सकाळ, आज बोट अठ्ठावन्नाव्या पायरीला होती. हे बोटीत, कागद कठड्यावर ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. पाकीट अजून बंद केलेलं नाही. शियांग शेजारच्या बाकावर आहे. केसांचा रंग निम्मा उतरलाय. त्यानं आत्ताच विचारलं, कुणाला लिहितोस एवढं? म्हटलं, फेनला. काय लिहितोस? म्हटलं, ये म्हणून. त्यानं बियांची टरफलं कागदात गोळा केली आणि म्हणाला, “लिही, लिही. ती पोरगी लहानपणापासून सरळ, तुझ्यासारखी नाही. तिला विचारू भिंतीचं. ती खरं सांगेल.”

“तेच लिहिलंय,” मी म्हटलं.

तो बाकावर सरकला आणि बस म्हणाला. दोन हात तरी जागा झाली. मी अजून उभाच आहे.